फ्लोरिडात उसाखालची जमीन सहा फूट खचली, मग आपल्या रानाचं काय?

भोगावतीकाठ
फ्लोरिडात ओकीचोबी तळ्याच्या दक्षिणेला एव्हरग्लेड्सचा दलदलीचा पट्टा आहे. चर खणून, पाणी उपसून तिथं शेती उभी केली. मुख्य पीक आपलंच, ऊस. १९२४ साली बेल ग्लेडच्या संशोधन केंद्रात नऊ फुटी काँक्रीटचा खांब खालच्या चुनखडीच्या खडकापर्यंत ठोकला. वरचं टोक तेव्हा जमिनीला टेकलेलं होतं, आज ते सहा फुटांपेक्षा वर दिसतं. खांब जागचा हललेला नाही, भोवतीची जमीन खाली गेली. कारण सांगतात ते असं : मातीतला सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातला कार्बन) हवा लागून जळून गेला.

आता आपल्याकडं कोल्हापुरात या. करवीर, हातकणंगले, शिरोळ, कागल, जिकडं बघाल तिकडं ऊस. माती परीक्षणाच्या कागदावर कर्ब ०.४ किंवा ०.५ टक्के. तर जाणकारांना तीन प्रश्न.

१) कर्ब गेला म्हणून आपली काळी रानंही खचतात का?
२) खचत नसतील तर का नाही?
३) शिरोळकडं क्षारपड (मीठ साठलेल्या) रानात सच्छिद्र पाईप घालून निचरा करतात. तिकडं निचऱ्यानंच जमीन गेली. मग आपण पैसे घालून तेच करतोय की काय?

तांबडा_रस्सा
खचली तर बरंच की. पुराचं पाणी ठेवायला जागा होईल.

मातीची_चाळण
पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे, माती कशाची बनली आहे ते बघा.

एव्हरग्लेड्सची माती म्हणजे पीट. पाण्याखाली हजारो वर्षं अर्धवट कुजून साठलेला पालापाचोळा आणि मुळ्या. तिच्यात वाळू, पोयटा, चिकणमाती थोडी, बाकी सगळा सेंद्रिय भाग. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश सरकतो, म्हणून तो ढीग कुजायचा राहिला होता. चर खणून पाणी खाली नेलं की हवा आत शिरते, जिवाणू कामाला लागतात आणि माती कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाते. तिथं घराचा पायाच जळतोय असं समजा.

आपल्या काळ्या रानात कर्ब ०.६ टक्के धरला तर सेंद्रिय पदार्थ झाला जेमतेम १ टक्का (कर्ब गुणिले १.७२४). उरलेले ९९ टक्के खनिज. तो एक टक्का पूर्ण गेला तरी सांगाडा जागेवर राहतो. जमीन मरते, पण खाली जात नाही.

खोडवा३
आकड्यात सांगा की राव. एकरी किती टन?

मातीची_चाळण
@खोडवा३, घ्या.

काळं रान : एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. वरचा १५ सेंटिमीटर थर धरला तर ६०७ घनमीटर माती. घनता १.३ (घनमीटरला टन) धरली की सुमारे ७९० टन. कर्ब ०.१ टक्क्यानं घटला तर ७९० किलो कर्ब गेला, म्हणजे सुमारे २.९ टन कार्बन डायऑक्साइड.

पीट : फक्त १ सेंटिमीटर थर घ्या. ४० घनमीटर. कोरडी घनता ०.२ धरली तर ८ टन, त्यातला निम्मा कर्ब, म्हणजे ४ टन. तो सगळा जळाला तर जवळजवळ १५ टन कार्बन डायऑक्साइड. एव्हरग्लेड्समध्ये पूर्वी वर्षाला सुमारे एक इंच जमीन जायची. आता वेग कमी झालाय, तरी वर्षाला सेंटिमीटरच्या आसपास आहेच. आणि पीट तयार होतं वर्षाला साधारण एक मिलिमीटर, किंवा त्याहूनही कमी.

एक दुरुस्ती आधीच करून ठेवतो. खचलेला प्रत्येक सेंटिमीटर जळालेला नसतो. पाणी उतरलं की आधी माती स्वतःच्या वजनानं दबते, वाळून आकसते, आणि मग सावकाश जळत राहते. सुरुवातीची घसरण दबण्याची, नंतरची मुख्यतः जळण्याची. इंडोनेशियात पीटवर अकेशिया आणि पाम लावले तिथं पहिल्या पाच वर्षांत जमीन सुमारे १.४ मीटर गेली. त्यातली निम्म्याहून जास्त पहिल्याच वर्षी. पुढं वर्षाला पाच सेंटिमीटर.

आडसाली
त्या फ्लोरिडावाल्यांची एक गोष्ट ऐकून आपल्या लोकांना झोप येणार नाही. पीटवरच्या उसाला तिथं नत्राच्या खताची शिफारसच नाही. माती जळताना तिच्यातलं नत्र मोकळं होतं ते पिकाला पुरून उरतं.

तांबडा_रस्सा
म्हणजे युरियाच्या लायनीत उभं राहायचं नाही, फक्त जमीन खायची. नाद खुळा.

आडसाली
खायची तरी किती? खाली चुनखडी आहे. थर पातळ झाला की नांगर चुन्याला लागतो, चुना मातीत मिसळतो, सामू (pH) चढतो. मग स्फुरद बांधलं जातं, मँगनीजची कमतरता दिसते, मुळांना खोली राहत नाही.

गच्चीबाग
माफ करा, मध्येच विचारते. नर्सरीत ऊस रोपांच्या ट्रेमध्ये जे पीट भरतात ते हेच का?

खोडवा३
नाही ताई, ते कोकोपीट. नारळाच्या काथ्याचा भुसा. नावात पीट आहे एवढंच. धुतलेलं आहे का ते बघून घ्या, न धुतलेल्यात मीठ राहतं आणि रोपांची टोकं करपतात. खरं पीट विलायती मिश्रणांच्या गोणीत येतं. आपल्याकडं जिवाणू खतांच्या पाकिटातली काळी भुकटी बहुतेक वेळा लिग्नाइटची असते.

पाणीपाळी
विषय खचण्याचा आहे तर एक गोंधळ आधी मिटवू. कॅलिफोर्नियाची दोन उदाहरणं लोक एकात मिसळतात. सॅन वाकिन खोऱ्यात जमीन खचली ती बोअरनं भूजल उपसल्यामुळं. खालचे चिकणमातीचे थर पाणी गेल्यावर दबले, १९७७ पर्यंत एका ठिकाणी जवळजवळ नऊ मीटर. तिथं कर्बाचा संबंध नाही. त्याच नदीच्या मुखाकडं सॅक्रामेंटो-सॅन वाकिन डेल्टा आहे, तिथली बेटं पीटची. ती जळून खाली गेली आणि आज समुद्रसपाटीच्या कितीतरी खाली, बांधांच्या आधारानं उभी आहेत. बांध फुटला की बेटाचं तळं होतं.

आपल्याकडं दोन्ही नाही. खाली दख्खनचा बेसाल्ट. बोअर कितीही मारले तरी खडक दबत नाही, बोअर कोरडे पडतात एवढंच.

चिबड_मळा
तिसऱ्या प्रश्नाकडं या की कुणीतरी. पाईप निचऱ्यानं कर्ब जातो हे मलाही पटतं. चिबड (पाणी साचणाऱ्या) रानाचा रिपोर्ट बघा, कर्ब ०.८ येतो. शेजारच्या निचऱ्याच्या रानात ०.५. पाणी राहिलं की कर्ब राहतो हे तुम्हीच वर लिहिलंय.

काळी_माती
तो ०.८ खोटा असतो. क्षारपड मातीत क्लोराइड असतं, आणि कर्ब मोजायच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत डायक्रोमेट हे रसायन कर्बाबरोबर क्लोराइडवरही खर्च होतं. म्हणून आकडा फुगतो. सिल्व्हर सल्फेट टाकून परत करायला सांगा.

मातीची_चाळण
@काळी_माती, तत्त्व बरोबर, हिशोब नाही बसत. क्लोराइडमुळं फुगणारा कर्ब म्हणजे क्लोराइडची टक्केवारी भागिले १२. ०.८ चा ०.५ करायचा तर मातीत ३.६ टक्के क्लोराइड पाहिजे. तिथं ऊस सोडा, तणसुद्धा उगवणार नाही. पांढरा थर खरवडून नमुना घेतला असेल तरच हा मुद्दा येतो, एरवी फरक दुसऱ्या दशांशात.

चिबड रानाचा आकडा जास्त येण्याची कारणं वेगळी असतात, शक्यतेच्या क्रमानं सांगतो.

नमुन्यात न कुजलेली मुळं आणि पाचटाचे तुकडे राहिलेले असतात. पाणी साचल्यानं ते कुजलेलेच नसतात. २ मिलिमीटरच्या चाळणीआधी हातानं वेचले नाहीत आणि सगळं कुटून टाकलं, तर कच्चं पाचट मातीचा कर्ब म्हणून मोजलं जातं.

नमुना ओला असतानाच केला तर फेरस रूपातलं लोहही डायक्रोमेट खातं. सावलीत नीट वाळवला की हे बरंचसं जातं.

आणि खरोखरच थोडा कर्ब जास्त असू शकतो, कारण कुजणं मंदावलेलं असतं. हे नाकारत नाही.

उलट बाजूची चूकही सांगून ठेवतो. मशीनमध्ये जाळून एकूण कर्ब काढणारी प्रयोगशाळा असेल तर चुनखडीचा कर्बही त्यात येतो. १० टक्के चुनखडी म्हणजे १.२ टक्के कर्ब, जो पिकाच्या कामाचा नाही. आपल्या काळ्या रानात चुनखडी भरपूर. रिपोर्टवर 'एकूण' लिहिलंय की 'सेंद्रिय' ते बघा. भट्टीत जाळून वजनातली घट काढणं पीटला ठीक आहे. काळ्या मातीत चिकणमातीच्या कणांत बांधलेलं पाणीही त्या घटीत जातं आणि आकडा फुगतो.

चिबड_मळा
मान्य, पाचटाचं खरं असू शकतं. पण मूळ मुद्दा राहिलाच. निचरा करायचा की नाही?

निचरा_नळी
करायचा. पीटचा नियम काळ्या रानाला लावू नका. तिथं पाणी वर ठेवायचं कारण पाणीच माती वाचवतं. इकडं पाणी वर आलं की उन्हाळ्यात केशाकर्षणानं वर चढतं, वाफ होऊन जातं आणि मीठ मागं ठेवून जातं. म्हणून भारी काळ्या रानात पाण्याची पातळी मुळांच्या खाली, मीटरभर तरी खोल पाहिजे. पीटमध्ये आदर्श पातळी पृष्ठभागापासून वीतभर. इंडोनेशियाच्या नियमात पीटवरच्या लागवडीसाठी ती ४० सेंटिमीटरपेक्षा खाली जाऊ द्यायची नाही.

कर्बाचं म्हणाल तर क्षारपड रानात कर्ब येणार कुठून? उसाची मुळं पसरत नाहीत, पाचट निम्मं निघतं. निचरा झाल्यावर कुजण्याचा वेग वाढतो हे खरं, पण पीक उभं राहिलं की मुळं, धसकटं आणि पाचटातून येणारा कर्ब त्याहून जास्त असतो. पाचट पेटवलं नाही तर, हे जोडून वाचा.

खोडवा३
पाईपचे तपशील द्या. लोक विचारतात तेव्हा सगळे नुसते "कृषी कार्यालयात चौकशी करा" म्हणतात.

निचरा_नळी
मोघम सांगतो, प्रत्येक रानाचं डिझाईन वेगळं.

उपनळी ८० मिलिमीटर, वळ्यावळ्यांची सच्छिद्र पीव्हीसी, बाहेरून सिंथेटिक कापडाची गाळणी. खोली १ ते १.२५ मीटर. दोन नळ्यांतलं अंतर मातीतून पाणी किती वेगानं झिरपतं त्यावर, भारी रानात २० ते ३० मीटर धरून चालतात. उतार हजाराला एक ते दोन. त्या मोठ्या मुख्य नळीला जोडायच्या, जोडावर तपासणीची टाकी, आणि तोंड ओढ्याला किंवा नाल्याला.

बिघडतं कुठं ते महत्त्वाचं.

सगळ्यात जास्त उतारात. चर खणताना मशीन एका जागी दोन इंच खोल गेलं आणि नंतर वर आलं की नळीत पोट पडतं. तिथं गाळ बसतो आणि मागचं सगळं बंद. नळी टाकताना दर दहा मीटरला लेव्हल घ्यायची, चर बुजवल्यावर घेऊन उपयोग नाही.

दुसरं तोंड. पावसाळ्यात पंचगंगा-कृष्णेची फूग (तुंबून मागं येणारं पाणी) ओढ्यात चढते आणि तोंड पाण्याखाली जातं. झडप नसेल तर ओढ्याचं पाणी उलटं रानात येतं. उतार नसेल तिथं विहीरवजा टाकी करून पंपानं उपसावं लागतं, त्या विजेचा हिशोब आधी धरा.

तिसरं, शेजारी. एकट्यानं पाच एकराला नळी घातली आणि वरच्या अंगाचे पाटपाणी देतच राहिले, तर त्यांचा झिरपा तुम्ही उपसत बसता. म्हणून हे काम गटानं करायचं.

आणि चोपण रान असेल, म्हणजे सोडियम जास्त, तर नुसत्या नळीनं भागत नाही. जिप्सम घालून, मग पाणी देऊन सोडियम धुवायचा. नळी आधी, जिप्सम नंतर. उलटं केलं तर सुटलेला सोडियम जाणार कुठं?

पाणीपाळी
यात भर. नळी घालण्याआधी दोन इंची पीव्हीसी पाईपचे दोन मीटरचे तुकडे, खालच्या अर्ध्या भागाला भोकं, भोवती जाड वाळू, वर झाकण, असे एकरात दोन-तीन उभे करा. काठी सोडून पंधरा दिवसाला पाण्याची पातळी लिहा. वर्षभराची वही हातात असली की ठेकेदार अंतर काय सांगतो ते तपासता येतं.

गंमत म्हणजे हॉलंडमध्ये हीच सच्छिद्र नळी उलट्या कामाला वापरतात. त्यांच्या पीटच्या कुरणात मध्यभागी उन्हाळ्यात पाणी खोल उतरतं आणि जमीन जळते. म्हणून चार ते सहा मीटरवर नळ्या, चराच्या पाण्याच्या पातळीखाली दहा-वीस सेंटिमीटर. पावसाळ्यात पाणी बाहेर, उन्हाळ्यात चरातलं पाणी आत. एकच नळी, काम उलटं. कार्बन डायऑक्साइड त्यानं किती कमी होतो यावर मात्र त्यांच्यातच एकमत नाही.

भोगावतीकाठ
हे भारी आहे. पण मग त्या लोकांना आधी कळलं नाही का जमीन जातेय?

पाणीपाळी
कळलं की. हॉलंडमध्ये जमीन इतकी खाली गेली की पाणी आपसूक नदीत जाईना, मग पंधराव्या शतकापासून पवनचक्क्या लावून उपसायला लागले. उपसलं की अजून खाली. इंग्लंडात होम फेन इथं १८५१ साली तळं उपसलं तेव्हाच खांब रोवला, कारण जमीन खचणार हे त्यांना ठाऊक होतं. तो आता सुमारे चार मीटर उघडा आहे. तळं उपसायला वापरलेला अ‍ॅपोल्डचा सेंट्रिफ्युगल पंप त्याच वर्षी लंडनच्या प्रदर्शनात मांडला होता.

तांबडा_रस्सा
आपलं कारखान्यांचं उद्यमनगर तेव्हा असतं तर पंप स्वस्तात मिळाला असता आणि अजून दोन मीटर खाली गेले असते.

सह्याद्री_उतार
आपल्या देशात बघायचं तर केरळात कुट्टनाड. समुद्रसपाटीच्या खाली भातशेती, बांध घालून, पंप लावून. तिथल्या 'करी' माती काळ्या, कोळशासारख्या, लाकडाचे ओंडके पुरलेल्या. पाणी पूर्ण उतरवून वाळवल्या की कर्ब तर जातोच, वर पायराइटला (लोह-गंधकाच्या खनिजाला) हवा लागून गंधकाम्ल तयार होतं आणि सामू ४ च्या खाली येतो. म्हणून हंगाम नसताना पाणी भरून ठेवणं हा तिथला शहाणपणा आहे. फ्लोरिडातही उन्हाळ्यात भात घेतात किंवा रान नुसतं पाण्याखाली ठेवतात, कारण तेच.

आडसाली
पीटला उपाय हा एकच, पाणी वर. २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासाचा हिशोब असा की निचऱ्याच्या पीटमध्ये पाणी १० सेंटिमीटर वर आणलं की हेक्टरी वर्षाला किमान ३ टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन वाचतं. पूर्ण भिजवून पाणकणीस किंवा बोरू घ्यायचे प्रयोगही युरोपात चालू आहेत. पण ऊसवाल्याला पाणकणीस लाव म्हणून सांगणार कोण?

लेव्हलपट्टी
पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'खचत नाही' असं सगळ्यांनी सोडून दिलंय. अर्धंच खरं आहे.

काळं रान दबतं. ट्रॅक्टर, ऊस भरलेली ट्रॉली, ओल्यात रोटाव्हेटर. वरच्या २० सेंटिमीटरची घनता १.२ वरून १.४ झाली तर पृष्ठभाग जवळजवळ ३ सेंटिमीटर खाली येतो. कर्ब कमी झाला की ढेकळं बांधून ठेवणारा गोंद जातो आणि हे दबणं सोपं होतं. म्हणजे थोडं खचणं आहे, सहा फूट नाही.

ते मोजणं मात्र अवघड. काळी माती मे महिन्यात भेगाळते आणि ऑगस्टमध्ये फुगते, पृष्ठभाग नुसत्या ओलीनं काही सेंटिमीटर वर-खाली होतो. वितभर खोल खुंटी ठोकली तर खुंटीही मातीबरोबर नाचते. खूण मुरमात किंवा खडकात बसलेली पाहिजे, आणि मोजणी दर वर्षी त्याच ओलीत. त्यात २०१९ आणि २०२१ च्या पुरानं नदीकाठी काही रानांत गाळ टाकला, काहींचा वरचा थर नेला.

काळी_माती
आणि सगळ्यात मोठं खचणं वीटभट्टीचं. ते कुणी मोजत नाही.

लेव्हलपट्टी
तेच लिहिणार होतो. एका एकरातून एक फूट माती काढली तर ४३५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), वजनानं सुमारे १६०० टन. कर्ब ०.६ टक्के धरला तर साडेनऊ टन कर्ब त्याच दिवशी ट्रॉलीत बसून गेला. आणि इथं ०.१ टक्क्यावर भांडणं चाललीत. पुन्हा ते रान शेजाऱ्यापेक्षा फूटभर खाली जातं, चारी बाजूंचं पाणी तिथं येतं आणि दोन-तीन वर्षांत चिबड. मग पाईप निचऱ्याची चौकशी.

चिबड_मळा
हे मात्र अगदी डोळ्यासमोरचं आहे. नदीकाठचा मळीचा (गाळाचा) थर पहिला जातो कारण वीट त्याचीच चांगली होते.

खोडवा३
आता वाढवायचं कसं ते बोला. पाचट ठेवलं तर ०.१ टक्का वाढायला किती वर्षं?

मातीची_चाळण
एकरी साडेतीन टन कोरडं पाचट धरा. त्यात ४२ टक्के कर्ब, म्हणजे जवळजवळ दीड टन. त्यातला बराचसा वर्ष-दोन वर्षांत उडून जातो. मातीत टिकतो तो दहा-पंधरा टक्के, दीडशे ते सव्वादोनशे किलो. लागतात ७९० किलो. म्हणजे काही न जाता चार-पाच वर्षं. प्रत्यक्षात जुना कर्बही कमी होत असतो म्हणून जास्तच. एका खोडव्यात (तोडणीनंतर बुडख्यातून फुटलेल्या पिकात) ०.४ चा ०.७ झाला म्हणणारा नमुना परत घ्या.

आणि पाचट ठेवायचं तर कुजवायची तजवीज करा. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू कल्चर, हे नेहमीचं प्रमाण. युरिया न टाकता पाचट आच्छादलं की जिवाणू मातीतलं नत्र ओढतात, खोडवा पिवळा पडतो आणि शेतकरी म्हणतो पाचटानं पीक मारलं. बुडखे आधी जमिनीलगत छाटा, पाचट त्यांच्यावरून बाजूला घ्या, नाहीतर फुटवे दबतात.

आडसाली
पेटवणाऱ्यांसाठी एक फरक. पाचट पेटवलं की आग वरून जाते, मातीचा वरचा दोन-तीन सेंटिमीटर तापतो. नत्र आणि कर्ब हवेत, पालाश राखेत. पीटमध्ये आग खाली उतरते आणि आठवडेच्या आठवडे धुमसत राहते. २०१५ मध्ये इंडोनेशियात हेच झालं, धूर सिंगापूर-मलेशियापर्यंत.

गच्चीबाग
ते कार्बन क्रेडिटवाले फोन करतात म्हणे शेतकऱ्यांना. खरं असतं का ते?

पाणीपाळी
काही खरे, काही नुसते सह्या गोळा करणारे. तीन गोष्टी विचारा : नमुना किती खोलीपर्यंत घेणार (३० सेंटिमीटरपेक्षा कमी सांगितलं तर फोन ठेवा), घनता मोजणार का, आणि करार किती वर्षांचा, मध्येच रान विकलं तर काय. घनता मोजणार नाही म्हणाले तर त्यांचा टनाचा आकडा हवेतला.

मातीची_चाळण
घनतेवर अजून एक, कारण इथंच सगळे फसतात. रान दबलं की त्याच १५ सेंटिमीटरमध्ये माती जास्त मावते. कर्बाची टक्केवारी तीच राहिली तरी 'एकरी टन' वाढलेले दिसतात. म्हणजे रान बिघडलं आणि कागदावर सुधारलं. म्हणून तुलना सारख्या खोलीची नाही, सारख्या वजनाच्या मातीची करायची. आधी एकरी ७९० टन माती मोजली होती ना, दुसऱ्यांदाही ७९० टनच मोजा, मग ती १५ सेंटिमीटरमध्ये बसो की १४ मध्ये.

भोगावतीकाठ
सगळं वाचलं. म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर असं झालं की आपली जमीन डोळ्याला दिसेल अशी खाली जात नाही, म्हणूनच कर्ब गेलेला कळत नाही, आणि खांब रोवून उपयोग नाही, घनता आणि कर्ब दोन्ही मोजायला पाहिजेत. मग घनता घरच्या घरी कशी काढायची?

मातीची_चाळण
लोखंडी कडं घ्या, आतून ५ सेंटिमीटर व्यास, ५ सेंटिमीटर उंच, आतली जागा ९८ घनसेंटिमीटर. वर लाकडी फळी ठेवून हातोडीनं सरळ ठोका, तिरकं गेलं की माती दाबली जाते. काढून दोन्ही तोंडं सुरीनं सपाट छाटा, माती १०५ अंशाला २४ तास वाळवा, वजन भागिले ९८. उन्हात वाळवून चालत नाही, काळ्या मातीत पाणी राहतं. मोजायचं दर वेळी वाफशावर (माती ना चिखल ना कोरडी), भेगाळलेल्या रानात नाही. एकरात किमान पाच जागा, सरीत आणि वरंब्यावर वेगवेगळ्या.

कडं नसेल तर खड्डा काढून सगळी माती पिशवीत भरा, खड्ड्यात पातळ प्लॅस्टिक अंथरा, काठोकाठ पाणी भरा आणि किती लिटर बसलं ते मोजा. ढोबळ उत्तर येतं, पण येतं.

भोगावतीकाठ
कडं लेथवर करून घेता येईल. पत्रा किती जाड?

लेव्हलपट्टी
२ मिलिमीटर बास. धार बाहेरच्या बाजूनं काढायला सांगा, आतला व्यास सरळ राहिला पाहिजे. धार आतून काढली तर कडं आत जाताना मातीच दाबतं आणि प्रत्येक रान १.५ दाखवतं.

तांबडा_रस्सा
दोन करा. एक कुणीतरी मागून नेणार आणि परत देणार नाही.